मोटारची झोळी : पेंग आणायला चालेल, रात्रीला नको

बारशाला लाकडी पाळणा सजतो, पण रोजच्या वापराला आता बेळगावात काय आणि निपाणी-खानापुरात काय, स्टँड, स्प्रिंग आणि मोटारवाली कापडी झोळीच घेतली जाते. दोन-तीन महिन्यांचं किरकिरं मूल तिच्यात लवकर शांत होतं, एवढं श्रेय तिला द्यायलाच हवं. घोटाळा पुढे होतो.

बाळाच्या झोपेचं एक चक्र साधारण 45-50 मिनिटांचं. ते संपताना बाळ अर्धवट जागं होतं आणि डोळा लागताना जे होतं तेच शोधतं. तेव्हा झोळी हलत होती, आता टायमरने थांबलेली. मग रडणं, घरच्यांनी पुन्हा बटण दाबणं, आणि चार महिन्यांनंतर रात्रभर हाच खेळ. म्हणून मोटार झोपेपर्यंत नाही, पेंग येईपर्यंतच चालवायची. बाळ जांभई देऊ लागलं, डोळे चोळू लागलं की झोळीत. पापण्या जड झाल्या की मोटार बंद आणि बाळ सपाट, घट्ट गादीवर उताणं. ठेवताना आधी ढुंगण टेकवावं, मग पाठ, शेवटी डोकं. छातीवर हात दोन मिनिटं तसाच राहू द्यावा. दचकणं कमी होतं.

झोळीतच रात्र काढू नये याला कारण आहे. कापड मधोमध खचतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. मूल वळायला लागलं की झोळी गुंडाळून ठेवावी, मग डब्यावरची वजनमर्यादा काहीही असो.

घेताना स्प्रिंगच्या आतून साखळी गेली आहे का ते बघा. स्प्रिंग तुटली तर झोळी तीच धरते. साखळी नसेल तर दुकानातून तसंच परत फिरावं. स्प्रिंगवर कापडी खोळ हवीच, नाहीतर वेटोळ्यांत आईचे केस आणि थोरल्या भावंडाची बोटं सापडतात. खानापूरकडच्या पावसाळ्यात हूक गंजतात, तेव्हा दर पंधरवड्याला पुसून झीज बघावी. पंख्याच्या हुकाला झोळी कधीच नको.

आणि दिनक्रम नसेल तर कुठलीही झोळी फुकट. पहिले तीन महिने 14 ते 17 तास, पुढे अकराव्या महिन्यापर्यंत दुपारच्या झोपा धरून 12 ते 16 तास झोप, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सहा-आठ आठवड्यांपर्यंत दिवस-रात्र उलटीपालटी असतेच. तिथे घड्याळ लावून उपयोग नाही. नंतर मात्र सकाळी ठरल्या वेळी खिडकी उघडून उजेड, तेल-आंघोळ रोज एकाच वेळी, रात्री दिवा मंद. चौथ्या महिन्यात बाळाला दीड ते दोन तासांहून जास्त जागं ठेवू नये; फार दमलेलं बाळ उलट जास्त रडतं. आंघोळीनंतरची झोप सगळ्यांत गाढ, तेव्हा मोटारीची गरजही लागत नाही. आंघोळीनंतरची धुरी मात्र बंदच करावी, धुराने श्वास लागतो. झोपताना कानटोपी, कुंची, सैल दुपटं, उशी काही नको. थंडीत पायापर्यंत झाकणारं झबलं पुरे.

मोटार सुटी मिळते. आधी साध्या स्प्रिंगची झोळी घ्या, महिनाभर हाताने झोका द्या. दोऱ्या ओढून हात खरंच भरून आले तरच मोटारचा विचार करा.