व्हीएसकोडियम: आठ महिने वापरल्यावर

सांगलीच्या विश्रामबागेत माझा छोटा कॉम्प्युटर क्लास आहे, सहा मशीनचा. आठ महिन्यांपूर्वी सहाही मशीनवरचं व्हीएस कोड, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं प्रोग्रॅम लिहायचं एडिटर, काढून व्हीएसकोडियम टाकलं. पहिल्याच दिवशी मिरजेहून येणाऱ्या एका पोरानं विचारलं, "सर, हे डुप्लिकेट हाय का ओ?"

डुप्लिकेट नाही. मायक्रोसॉफ्टनं मूळ कोड एमआयटी परवान्याखाली खुला ठेवलाय, म्हणजे तो कुणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. पण त्यांच्या साइटवरून जे तयार व्हीएस कोड उतरतं त्याचा परवाना वेगळा, बंदिस्त. व्हीएसकोडियमवाले तोच खुला कोड घेतात आणि स्वतःचं नाव, स्वतःचा लोगो लावून, टेलीमेट्री (वापराची माहिती कंपनीला पाठवणं) बंद करून देतात. पोराला म्हटलं, भडंग कुणीही करावा, पण गावातल्या नावाजलेल्या दुकानाची पिशवी छापून त्यात भरलास तर चालेल का? हसला.

नावावरून असे खटके जुनेच. 2006 मध्ये फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलानं डेबियन या लिनक्सवाल्यांना सांगितलं, फायरफॉक्स नाव हवं तर लोगोही आमचाच लावा आणि तुमचे बदल आमच्याकडून मंजूर करून घ्या. त्या लोगोचा परवाना डेबियनच्या नियमांत बसेना, म्हणून त्यांनी ब्राउझरचं नाव आइसवीझल केलं. फायरफॉक्स हे नाव डेबियनमध्ये परत आलं ते थेट 2016 मध्ये. (मधल्या काळात मी एका मशीनवर आइसवीझल बघून व्हायरस समजलो होतो आणि काढून टाकलं होतं.)

रोजच्या वापरात फरक जवळजवळ नाही. फक्त टर्मिनलमध्ये 'कोड' टाइप केलं की कमांड सापडत नाही, 'कोडियम' लिहावं लागतं. नोट्सच्या झेरॉक्स आधीच काढलेल्या, त्यामुळे एक संध्याकाळ पेन घेऊन 'कोड'पुढे 'इयम' जोडत बसलो.

खरी अडचण एक्स्टेंशनची, म्हणजे एडिटरला जोडायच्या जादा सोयींची. ती जिथे मिळतात ते मायक्रोसॉफ्टचं मार्केटप्लेस अटींनुसार त्यांच्याच प्रॉडक्टसाठी आहे, म्हणून इथे एक्लिप्स फाउंडेशनचं ओपन व्हीएसएक्स येतं. एचटीएमएलच्या बॅचला लागणारं सगळं तिथे मिळालं. पायथन लिहिताना मदत करणारं मायक्रोसॉफ्टचं पायलान्स नाही, त्याऐवजी बेस्डपायराइट घेतलं, छान चालतं. सी शिकवायला क्लँगडी (लिहिताना चुका दाखवणारं) टाकलं तर सहाही पडद्यांवर लाल रेघा: एसटीडीआयओ डॉट एच ही सीची नेहमीची फाइल सापडत नाही म्हणे. प्रोग्रॅम मात्र बिनतक्रार कंपाइल होत होता! आमच्याकडे विंडोजवर मिंगडब्ल्यूचा जीसीसी कंपायलर आहे, ते क्लँगडीला सांगायचं मीच विसरलो होतो. प्रत्येक फोल्डरमध्ये एक छोटी कॉन्फिग फाइल ठेवली आणि रेघा गेल्या. पण नवीन शिकणाऱ्यानं घरी एकट्यानं हे करायचं म्हणजे अवघड.

नाव जपणं मला मान्य आहे. उद्या कुणी त्यात भलतंसलतं घुसवून 'व्हीएस कोड' म्हणून वाटलं तर शिव्या मूळ कंपनीलाच बसणार. एक्स्टेंशनच्या दुकानाचं दार बंद ठेवणं मात्र पटत नाही. त्यातली कितीतरी एक्स्टेंशन्स बाहेरच्या लोकांनी फुकट लिहून दिलेली आहेत.

क्लासमध्ये कोडियमच राहणार. माझ्या लॅपटॉपवर मूळ व्हीएस कोड अजून आहे, कारण साताऱ्याच्या मित्राबरोबर रविवारी लाइव्ह शेअरवर (दोघांनी एकाच वेळी एकच कोड लिहायची मायक्रोसॉफ्टची सोय) बसतो आणि ते कोडियममध्ये मिळत नाही.