स्टॅम्प नसलेली जर्मन ब्रेडची पिशवी आणि वर फुकट आलेला पट्टा

बर्लिनमध्ये रविवारी फ्लोमार्क्ट भरतात, म्हणजे आपला जुना बाजारच, तिथल्या एका स्टॉलवरून मागच्या महिन्यात हा माल उचलला. "ब्रोटबॉयटल 31, दुसऱ्या महायुद्धातली, ओरिजिनल, फक्त स्टॅम्प, म्हणजे कारखान्याचा शिक्का, नाहीये" असं म्हणत विक्रेत्याने 90 युरो सांगितले, घासाघीस करून 65 वर आणलं आणि मी निघताना तुटक्या बकलचा एक काळा चामड्याचा वाय-पट्टा (सैनिक खांद्यांवरून घ्यायचे तो, इंग्रजी Y च्या आकाराचा) त्याने असाच पिशवीत कोंबून दिला. स्टॉल कुठला ते लिहीत नाही, माणूस वाईट नव्हता, गोष्टी मात्र फार सांगत होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ब्रोटबॉयटल म्हणजे सैनिकाची ब्रेड ठेवायची कापडी पिशवी, 1931 चं मॉडेल. मागे पट्ट्यात ओवायला बटणाचे दोन बंद, त्यांच्या मधे एक हूक, वर दोन डी-रिंगा आणि खाली चामड्याची बिरडी, त्यात पाण्याची बाटली अडकवायची. कमरेला उजवीकडे मागच्या बाजूला लटकायची. माझ्या पिशवीत हे सगळं जागच्या जागी आहे, कॅनव्हास दणकट आहे, रंग हिरवट करडा, वास मात्र तळघराचा.

आता स्टॅम्पचं. विक्रेता म्हणाला की कायद्याच्या भीतीने लोकांनी स्टॅम्प पुसले. जर्मनीत दंडसंहितेच्या 86अ कलमाखाली स्वस्तिक जाहीरपणे मिरवायला बंदी आहे हे खरं, पण अशा पिशवीवर बहुतेक वेळा नुसतं कारखान्याचं नाव आणि साल असतं हो, आणि 1942 च्या शेवटापासून नावाच्या जागी नंबर यायला लागला, आधी शून्य, मग तिरकी रेघ, मग आकडे. त्यात पुसण्यासारखं काय आहे? शाईचा स्टॅम्प घामाने, पावसाने, धुण्याने आपोआप जातो. त्यामुळे स्टॅम्प नाही म्हणून माल खोटा ठरत नाही, आणि स्टॅम्प आहे म्हणून खराही ठरत नाही, उलट कोऱ्या मालावर नवा शिक्का मारून भाव वाढवणारे कमी नाहीत. शाई मळाच्या आणि घड्यांच्या वर बसलेली दिसली की समजायचं, शिक्का कालपरवाचा आहे.

घरी आल्यावर आधी यूव्ही (अतिनील प्रकाशाचा) टॉर्च मारला, त्यात हल्लीचा दोरा-कापड बहुतेकदा चमकतं, जुनं सुती सहसा नाही. कॅनव्हास गप्प, पण शिवणीचा दोरा निळापांढरा चमकला. इथे बरेच जण घाई करतात, "चमकलं, म्हणजे नकली" म्हणून मोकळे होतात, पण हल्लीच्या डिटर्जंटमध्ये चमक आणणारी रसायनं असतात आणि एकदा कुणी जुनं कापड त्यात धुतलं की तेही चमकतं. माझ्या केसमध्ये कापड न चमकता नुसता दोराच चमकत होता, म्हणून आतल्या शिवणीचं उसवलेलं टोक चिमट्यात धरून काडी लावली. सुती दोरा असता तर कागद जळाल्यासारखा वास आला असता आणि भुरी राख पडली असती, हा वितळला आणि काळी कडक गोळी झाली. सिंथेटिक. आता कुणी म्हणेल की सिंथेटिक धागा युद्धातही होता, होता ना, जर्मन रसायनतज्ज्ञ पाउल श्लाकने पेर्लॉन, म्हणजे नायलॉनच्या जातीचा धागा, 1938 मध्ये बनवलं, पण ते पॅराशूटसारख्या कामांना जायचं, ब्रेडच्या पिशव्या शिवायला कोण देतंय.

मग वाटलं, नंतर कुणीतरी पुन्हा शिवली असेल. म्हणून भिंग घेऊन बसलो. जुनी शिवण उसवून नवी घातली असती तर सुईच्या भोकांची दुसरी ओळ दिसली असती, चामड्याखाली तर हमखास, कारण चामड्यातलं भोक बुजत नाही. एकच ओळ आहे. म्हणजे पिशवी पहिल्यापासून याच दोऱ्याने शिवलेली आणि युद्धानंतरची. माझा अंदाज पश्चिम जर्मनीचा, तिथे 1951 मध्ये सीमा पोलीस दल उभं राहिलं आणि 1955 मध्ये बुंडेसवेअर, म्हणजे तिथलं लष्कर, आणि ब्रेडची पिशवी बराच काळ जवळपास जुन्याच साच्यात निघत राहिली. पूर्व जर्मनीची म्हणाल तर तिथला नंतरचा माल बारीक उभ्या रेघांच्या छापाचा असतो, तो लांबून ओळखू येतो.

आणि तो फुकटचा पट्टा! दोन दिवस तसाच पडला होता. चामड्यावरचा शिक्का दाबून मारलेला असतो, त्यामुळे रंग उडाला तरी खळगा राहतो, फक्त समोरून लाईट मारून दिसत नाही. खोलीत अंधार केला, टॉर्च पट्ट्याला जवळपास टेकवून आडवा धरला, आणि मागच्या जोडाजवळ शून्य, तिरकी रेघ, परत शून्य आणि पुढे अर्धवट एक आकडा. खळग्याच्या कडा बाकीच्या चामड्याइतक्याच झिजलेल्या, तडे शिक्क्यातून आरपार गेलेले. हूक लोखंडी, करड्या रंगाचे, गंजलेले. ते बसतंच, कारण सुरुवातीच्या मालात ॲल्युमिनियम जास्त दिसतं, युद्ध लांबलं तशी त्याची टंचाई झाली आणि लोखंड आलं. म्हणजे 90 युरो ज्याचे सांगितले ते युद्धानंतरचं, आणि जे कोंबून दिलं ते त्या काळातलं.

विक्रेत्याला पुढच्या रविवारी पिशवीचं सांगितलं, तो खांदे उडवून म्हणाला, "जुनी तर आहे ना." पैसे परत मागितले नाहीत. पट्ट्याचं त्याला बोललो नाही.

पिशवीला 5 पैकी 3, वस्तू म्हणून झकास आहे, पण युद्धानंतरची म्हणून मी 25 च्या वर दिले नसते. स्टॉलच्या माहितीला 1. पट्ट्याला रेटिंग देत नाही, बकल तुटकंच ठेवतोय. आणि तुमच्याकडे असा पट्टा आला तर आधी आडवा टॉर्च मारून बघा, तेल-मलम नंतर, मी तर डबी उघडून बसलो होतो.