व्हॉल्व्ह उजळत होते, पण वाजत नव्हते

दूरचित्रवाणी संच, व्हॉल्व्हचा (म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा) रेडिओ आणि रेकॉर्ड चेंजर, म्हणजे एकामागून एक तबकड्या आपोआप वाजवणारे यंत्र, एकाच लाकडी कॅबिनेटमध्ये असलेला घरचा जुना कन्सोल मी दुरुस्तीला दिला आणि तो परत आला तेव्हा त्यात कॅबिनेटखेरीज मूळचे जवळजवळ काहीच उरलेले नव्हते. हे लक्षात यायला मला दोन महिने लागले, कारण पॉलिश उत्तम झाले होते आणि वरवर पाहता सगळे जागच्या जागी होते.

ॲनालॉग प्रक्षेपण बहुतेक देशांत बंद झालेले असल्यामुळे चित्राच्या जागी सपाट पडदा बसवावा, काढलेली पिक्चर ट्यूब आणि चासी, म्हणजे सुटे भाग बसवलेला धातूचा सांगाडा, मला परत द्यावी, आणि रेडिओ व तबकडीचा भाग मात्र मूळ स्वरूपातच चालू करावा, असे ठरले होते. ठरले ते तोंडी. ट्यूबमध्ये निर्वात पोकळी असते आणि ती फुटली तर काचा उडतात, म्हणून ती 'सुरक्षितपणे टाकून दिली' असे कारागिराने सांगितले. धोका खरा असल्यामुळे मी पुढे विचारले नाही.

संशयाचे कारण मला पहिल्याच दिवशी मिळाले होते, पण त्याचे मला कौतुकच वाटले. व्हॉल्व्हमधला तंतू तापून कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटू लागेपर्यंत रेडिओ गप्प असतो. बटण फिरवल्यावर आवाज हळूहळू वर येतो. माझा कन्सोल मात्र बटण दाबताक्षणी बोलू लागला. पुढे असेही दिसले की काटा फिरवताना दोन केंद्रांच्या मधली खरखर ऐकूच येत नाही, आणि शेजारी मोबाईलचा चार्जर लावला तरी मध्यम लहरींवर एरवी होणारा त्रास होत नाही. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या तर घासल्यासारख्या वाजत होत्या. त्यांची खोबण रुंद असते आणि तिला टोकाची त्रिज्या सुमारे ०.०७५ मिलिमीटर असलेली सुई लागते. इथे १९४८ नंतरच्या एलपीला लागणारी, सुमारे ०.०२५ मिलिमीटरची एकच सुई बसवली होती.

शेवटी प्लग काढून मी मागचा पुठ्ठा उघडला. व्हॉल्व्ह होते, पण त्यांना फक्त तंतू उजळण्यापुरता वीजपुरवठा जोडलेला होता आणि आवाज येत होता तो तळहाताएवढ्या एका नव्या बोर्डातून. व्हॉल्व्हचा आवाज स्पीकरपर्यंत पोहोचवणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि मोठा स्पीकर, म्हणजे जुन्या संचातला किमती ऐवज, गायब होता. जुने कॅपॅसिटर (विद्युतभार साठवणारे छोटे भाग) सुकतात किंवा गळू लागतात, म्हणून ते बदलणे रास्तच आहे. परंतु प्रामाणिक कारागीर काढलेले भाग पिशवीत घालून परत देतो आणि ती पिशवी मी मागितलीच नव्हती. संच देण्यापूर्वी चासीची छायाचित्रे काढली असती, व्हॉल्व्हवर रंगाचा एखादा ठिपका लावून ठेवला असता, तरी माझ्या हाती पुरावा राहिला असता.

कारागिराचे उत्तर असे होते: "तुम्हाला चालू हवा होता, चालू करून दिला."

कोणत्या जागी कोणत्या क्रमांकाचा व्हॉल्व्ह बसतो, हे सांगणारा कारखान्याचा कागद कॅबिनेटच्या आत चिकटवलेला होता. तो काढायचे मात्र त्याला सुचले नव्हते. संचातल्या एकाही व्हॉल्व्हचा क्रमांक त्याच्याशी जुळेना. त्या कागदाचे छायाचित्र दाखवल्यावर त्याने बराच वेळ शोधल्यासारखे केले आणि 'हे तुमचेच' म्हणत चार व्हॉल्व्ह आणून दिले. घरी येऊन ताडून पाहिले, तर त्यांचेही क्रमांक जुळत नव्हते.