जुळे सोलापूर: वर्षभर राहून झाल्यावर

सोलापुरात घर शोधायला लागलं की एजंट पहिल्यांदा बजेट विचारतो, मग विचारतो की वन बीएचके पाहिजे की टू. पाण्याबद्दल तो स्वतःहून बोलत नाही. इथं जवळपास वर्षभर राहिल्यावर माझं मत पक्कं झालंय: या शहरात भाग निवडायचा तो आधी पाण्यावर, मग रोजच्या कामाच्या वाटेवर. भाडं, शाळा, बाजार हे सगळं त्यानंतर.

आम्ही नाशिकहून आलो. माझी बदली पार्क चौकाजवळच्या बँकेच्या शाखेत झाली आणि नवऱ्याला चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात काम मिळालं. मुलगी तिसरीत. म्हणजे एकाचं काम ऐन शहरात, दुसऱ्याचं पुणे रोडवर शहराच्या बाहेर. अशा तिघांसाठी आम्ही शहरातला जुळे सोलापूर हा भाग निवडला. दोन मजली घराचा खालचा मजला, टू बीएचके, भाडं साडेनऊ हजार, अकरा महिन्यांचा करार.

पाण्याचं आधी सांगते, कारण इथलं सगळं वेळापत्रक त्यावर चालतं.

सोलापूरला पाणी तीन ठिकाणांहून येतं. मुख्य स्रोत उजनी धरण. तिथून सुमारे 110 किलोमीटर लांब पाइपलाइननं पाणी शहरात आणतात. दुसरं भीमेतून: उजनीतून नदीत सोडलेलं पाणी औज बंधाऱ्यात अडतं आणि टाकळीहून उपसलं जातं. तिसरा हिप्परग्याचा एकरुख तलाव, जो एकोणिसाव्या शतकात बांधला. इतक्या लांबून आणलेलं पाणी टाक्यांत भरायचं आणि भागाभागानं सोडायचं, त्यामुळं नळाला रोज पाणी येत नाही. वर्षानुवर्षं इथं काही दिवसांआड पाणी मिळतं. उजनीहूनच्या दुसऱ्या, समांतर जलवाहिनीमुळं ही ओढ कमी होईल अशी सगळ्यांनाच आशा आहे. पण आज घर घ्यायचं तर आजच्या हिशोबानं घ्यावं.

आमच्या गल्लीत साधारण चौथ्या दिवशी पाणी येतं. उन्हाळ्यात वीज गेली किंवा लाइन फुटली तर आणखी एखादा दिवस पुढं जातं. नाशिकला आम्हाला याची सवयच नव्हती. घर बघायला गेलो तेव्हा समोरच्या काकू गेटपाशी उभ्या होत्या. आम्ही खोल्या बघून बाहेर आलो तर म्हणाल्या, "खोल्या काय बघताय ओ, हौद बघा आधी." त्या एका वाक्यानं आमचं घर ठरलं. या घराला जमिनीखाली मोठा हौद आहे, वर दोन टाक्या आहेत आणि हौदातून वर चढवायला स्वतंत्र मोटर आहे. त्याआधी बघितलेलं घर याहून नवं होतं, फरशी चकचकीत, किचनला ट्रॉल्या. पण हौद वरच्या भाडेकरूबरोबर सामायिक आणि लहान. चार दिवस दोन कुटुंबांना तो पुरला नसता.

घर बघताना विचारायच्या गोष्टी मी आता बँकेत बदलून येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. हौद किती लिटरचा, आणि तो एकट्याचा की वाटून. पाणी कुठल्या वेळी येतं: पहाटे तीनला येत असेल तर मोटर लावायला घरात कोण उठणार? गल्लीत आपलं घर सुरुवातीला आहे की शेवटच्या टोकाला. टोकाच्या घरांना दाब कमी मिळतो, त्यात आधीच्या घरांतल्या लोकांनी नळालाच थेट मोटर लावली तर टोकाला धार करंगळीएवढी येते. नळाला मोटर लावायला बंदी आहे, तरी लावतात, आणि त्यावरून गल्लीत भांडणंही होतात. या प्रश्नांची उत्तरं घरमालकाकडून घेऊ नका, शेजारच्या बाईकडून घ्या. तिला सगळं ठाऊक असतं.

बोअर आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. आमच्या इथलं बोअरचं पाणी फार जड आहे. नळांवर पांढरा थर चढतो, गिझरची कॉइल लवकर जाते, केस राठ होतात. भांडी आणि फरशीला ते चालतं. पिण्याला नळाचं पाणी गाळून आणि आरओमधून, आणि अडचणीच्या दिवसांत जार. टँकर मागवायची वेळ मात्र आमच्यावर क्वचितच आली, आणि त्याचं श्रेय हौदाला.

आता भाग म्हणून जुळे सोलापूर कसं आहे. विजापूर रोड आणि होटगी रोड यांच्या मधला हा पट्टा. 1992 मध्ये महापालिकेची हद्द वाढली आणि भोवतालची गावं शहरात आली. त्या सगळ्या भागाला लोक अजून "हद्दवाढ" म्हणतात. त्याचा अर्थ इथं राहायला लागल्यावर कळतो. प्लॉट मोठे, घरं सुटी, अंगणात कडुलिंब किंवा नारळ, हवा मोकळी. मुख्य रस्ते चांगले झालेत. पण आतल्या गल्ल्यांमध्ये फरक पडतो. एका गल्लीत सिमेंटचा रस्ता आणि ड्रेनेज, तिच्या पलीकडच्याच गल्लीत खडी. ही काळी जमीन आहे. पाऊस झाला की कच्च्या गल्लीत दुचाकीचं चाक रुततं आणि चप्पल हातात घ्यावी लागते. सोलापूरला पाऊस कमी, हे खरं. पण सप्टेंबरात तो जोरात येतो आणि तेव्हाच गल्लीचं खरं रूप दिसतं. म्हणून कॉलनीचं नाव ऐकून निर्णय घेऊ नका, नेमकी गल्ली बघा. मोकळे प्लॉट किती आहेत तेही बघा. आमच्या बाजूच्या प्लॉटवर पावसाळ्यानंतर झुडपं माजतात, डास होतात, आणि एकदा साप निघाला होता.

इथली वस्ती मला मनापासून आवडली. शिक्षक, एसटीतले, बँकेतले, पोलिसातले, शिवाय मंगळवेढा, सांगोला, मंद्रूप, अक्कलकोटकडून मुलांच्या शिक्षणासाठी शहरात आलेली माणसं. आमच्या गल्लीत तीन घरांत कन्नड बोलतात, एका घरात तेलुगू. 'ये' म्हणायला कन्नडमध्ये "बा" आणि तेलुगूत "रा"; मुलगी दोन महिन्यांत कुणाला काय म्हणायचं ते शिकली. नवीन माणूस म्हणून आम्हाला कुणी परकं ठेवलं नाही. पहिल्या संक्रांतीला चार घरांतून बाजरीच्या कडक भाकऱ्या आल्या, सोबत शेंगा चटणी, आणि काकूंनी ती उखळात कशी कुटायची तेही बसवून दाखवलं. मिक्सरमध्ये केलेली चटणी त्या चटणी मानत नाहीत, आणि खाऊन बघितल्यावर मीही मानत नाही.

कामाची वाट. मला पार्क चौकात जायला स्कूटरवर वीसेक मिनिटं लागतात. सकाळी दहाच्या सुमाराला सात रस्त्याला गर्दी असते, पण चालतं. होटगी रोडच्या बाजूला जायचं असेल तर आसरा पूल लागतो. खालून रेल्वे जाते, पूल अरुंद आहे, आणि शाळा-ऑफिसच्या वेळी तिथं अडकायला होतं. ज्यांचं काम होटगी रोड किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे, त्यांनी जुळे सोलापूर घेण्याआधी सकाळी साडेनऊला एकदा या पुलावरून जाऊन बघावं. एवढी एक फेरी पुरे.

नवऱ्याचं अंतर जास्त. चिंचोळीला शहरातून गेलं तर वेळ फार जातो. केगाव ते हत्तूर बायपासमुळं हे घर आम्हाला परवडलं. विजापूर रोडनं सोरेगाव ओलांडून तो बायपासला लागतो आणि केगावला पुणे रोडवर निघतो. किलोमीटर वाढतात, पेट्रोल वाढतं, पण सिग्नल नाहीत. पावसात आणि रात्रपाळीनंतर त्या रस्त्याची मला काळजी वाटते, कारण मोठे ट्रक भरधाव असतात. त्यामुळं रात्रपाळी असेल तेव्हा तो कंपनीच्या बसनं जातो.

वाहन नसेल तर हा भाग अवघड आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. सिटी बस फार कमी. शेअर रिक्षा मुख्य रस्त्यावर मिळतात, आतल्या गल्लीत नाही. वंदे भारत किंवा हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची तर स्टेशनला पहाटेच निघावं लागतं, आणि त्यासाठी आदल्या संध्याकाळीच ओळखीच्या रिक्षावाल्याला सांगून ठेवावं लागतं. सासूबाई आल्या की त्यांना हाच त्रास होतो. घरात एकटं वयस्क माणूस असेल तर मी हा भाग सुचवणार नाही.

मग त्यांनी कुठं राहावं? माझ्या मते रेल्वे लाइन्स, मोदी या भागांत किंवा सात रस्त्याच्या आसपास. स्टेशन जवळ, दवाखाने जवळ, झाडं जुनी आणि मोठी. भाडं जास्त आणि घरं मोकळी होतच नाहीत, एवढीच अडचण. आम्ही महिनाभर तिथं शोधत होतो. जी एक-दोन घरं मिळाली ती तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय.

नव्या पेठेत, टिळक चौकात, बाळीवेशीत राहणारे माझे सहकारी त्यांचा भाग सोडायला तयार नाहीत, आणि मला ते समजतं. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याची यात्रा असते तेव्हा नंदीध्वज त्यांच्या दारावरून जातात. आम्ही मात्र गर्दीतून वाट काढत जातो आणि गाडी कुठं लावायची या विवंचनेत असतो. पण पेठेत घर घ्यायचं तर गाडी विसरायची.

पूर्व भागाबद्दल बाहेरची माणसं ऐकीव बोलतात, म्हणून थोडं लिहिते. अशोक चौक, साखर पेठ, दत्त नगर हा विणकरांचा भाग. तेलुगू भाषा, पॉवरलूमचा खडखडाट, गल्लीगल्लीत टॉवेल आणि चादरी. भाडं कमी, सगळं हाकेच्या अंतरावर, आणि माणसं कष्टाळू. आमच्या शाखेतली एक मुलगी तिथं एकटी राहते आणि रात्री नऊला चालत घरी जाताना तिला भीती वाटत नाही, कारण रस्ता जागा असतो. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथ निघतो तेव्हा तिनं आम्हाला घरी बोलावलं होतं. एवढंच की लूमचा आवाज ज्याला सहन होत नाही त्यानं तिथं घर घेण्याआधी एक रात्र राहून बघावी.

शेळगी आणि बाळे आम्ही दोन्हीकडं बघितलं. शेळगीकडं घरं स्वस्त आहेत. पण हिप्परगा तलाव भरून वाहिला की आदिला ओढ्याला पूर येतो, तेव्हा ओढ्याकाठचं घर टाळावं. शिवाय हैदराबाद रोडला मार्केट यार्ड आहे, आणि हिवाळ्यात कांद्याची आवक वाढली की ट्रकांच्या रांगा लागतात. बाळे नवऱ्याला सोयीचं होतं. खंडोबाचं देऊळ, पुणे रोड दारात, चिंचोळी जवळ. मुलीच्या शाळेसाठी आम्ही ते सोडलं. एकट्या एमआयडीसीवाल्यानं बाळे किंवा केगाव बघावं, हे मी ठामपणे सांगेन.

उन्हाळ्याचं सांगायलाच हवं. एप्रिल-मे मध्ये पारा 43 च्या पुढं जातो. वरच्या मजल्यावर स्लॅबखाली राहणाऱ्या भाडेकरूंना रात्री अकरापर्यंत खोलीत बसवत नाही. ते गच्चीत झोपतात. आमचा खालचा मजला त्या मानानं खूपच सुसह्य, आणि कूलरला लागणारं पाणीही पुन्हा हौदातूनच येतं. वरचा मजला हजार रुपयांनी स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, निदान लहान मूल असेल तर नाहीच.

संध्याकाळी फिरायला विजापूर रोडवरचा धर्मवीर संभाजी तलाव आहे. जुनी माणसं त्याला कंबर तलाव म्हणतात. हिवाळ्यात तिथं पक्षी येतात. मुलीला त्यांची नावं शिकवायला मी एक पुस्तक आणलंय.

करार पुढच्या महिन्यात संपतोय. घरमालकांनी भाडं दहा हजार मागितलं आणि आम्ही हो म्हटलं. वाढवताना आम्ही एकच अट घातली: वरची एक टाकी फुटायला आलीय, ती बदलून द्यायची आणि हौद एकदा उपसून आतून साफ करून द्यायचा. त्यांनी मान्य केलंय. टाकी पुढच्या पाण्याच्या दिवसाआधी बसणार आहे.