पहिली बेल्जियन एल: डबेल की ट्रिपेल?

डबेल आणि ट्रिपेल या बेल्जियन पद्धतीच्या बिअर; डबेल गडद, ट्रिपेल फिकी आणि जास्त कडक. आधी कायद्याचं. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, घरच्यापुरतं असलं तरी. तेव्हा राज्य उत्पादन शुल्क विभागात चौकशी करूनच पुढे जा.

आता निवड. मराठवाड्यात पहिल्या खेपेला डबेल घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

कागदावर ट्रिपेल सोपी वाटते. पिल्सनर मॉल्ट (मोड आणून वाळवलेली फिकी बार्ली), पांढरी साखर, मोजके हॉप्स (कडवटपणासाठीची फुलं), बेल्जियन यीस्ट, झालं. बेल्जियममधल्या वेस्टमाले मठाने ती 1934 साली आणली. त्यांची ट्रिपेल 9.5 टक्के अल्कोहोलची, डबेल 7 टक्क्यांची. पण फिकी ट्रिपेल काहीच लपवत नाही, आणि आपली पहिली अडचण पाण्यापासूनच सुरू होते. इथल्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, बायकार्बोनेट भरपूर. नुसत्या फिक्या मॉल्टला ते झेपत नाही. मॅशचा (गरम पाण्यात भिजवलेल्या मॉल्टचा) पीएच चढतो आणि मॉल्टच्या टरफलाचा तुरटपणा उतरतो. डबेलमधले गडद मॉल्ट थोडे आम्लधर्मी असतात, ते हा चढ बऱ्यापैकी सावरतात. ट्रिपेलच करायची तर बरंचसं पाणी आरओचं घ्या.

दुसरी अडचण उष्णतेची. दोन्हींना सुरुवातीला 18 ते 20 अंश हवेत, शेवटी 22 ते 24 पर्यंत चढू द्यायचं. आंबताना भांडं स्वतःच खोलीपेक्षा काही अंश गरम होतं. ट्रिपेलमध्ये साखर जास्त, म्हणून ही गरमीही जास्त. तिशीच्या आसपास गेलं की थिनरसारखा जळजळीत वास येतो आणि मुरवूनही तो पुरता जात नाही. म्हणून डिसेंबर-जानेवारीतच लावा. माळवदाच्या घरातली मधली खोली मिळाली तर फारच उत्तम. नाहीतर फर्मेंटरला ओलं कापड गुंडाळून पंखा सोडा. मे महिन्यात दोन्ही नकोत.

ट्रिपेलची सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता; साखर जास्त तितकी ती जास्त) 1.080 च्या आसपास, डबेलची 1.065. वीस लिटरच्या ट्रिपेलला कोरड्या यीस्टची दोन पाकिटं घालाच. नवख्या हाताला डबेल इथेही सांभाळून घेते.

गूळ घालावा का? ट्रिपेलमध्ये अजिबात नको, तिथे साधी साखरच बरी. डबेलमध्ये थोडी काकवी चालते, पण ती खारट झाक आणते. साखर कढईत गडद तांबूस होईपर्यंत जाळून घेतलेली मला जास्त आवडते.

घरी आरओ असेल, तापमान धरणारा जुना फ्रिज असेल आणि कोरडी, मिरमिरीत चव आवडत असेल, तर खुशाल ट्रिपेल करा.

बाटल्या मात्र दोन्हींना जाड काचेच्याच हव्यात. ग्रॅव्हिटी सलग तीन दिवस हलली नाही, तरच भरा. घाई केली तर बाटली फुटून इजा होते. आणि मार्च संपायच्या आत सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये गेल्या पाहिजेत, म्हणून तिथे मावतील तेवढीच बनवा.