सीवर्ल्ड ऑर्लँडोचा वार्षिक पास: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

ऑर्लँडोतल्या मराठी घरांत पास म्हटलं की आधी डिस्नी, मग युनिव्हर्सल. आम्ही सीवर्ल्डचा वार्षिक पास घेतला आणि गेले बरेच महिने तो मनापासून वापरतोय. कधी शनिवारचा अख्खा दिवस, कधी शाळा सुटल्यावर नुसते दोन तास. घरात तेरा वर्षांचा मुलगा आहे, त्याला रोलर कोस्टरपुढे काही सुचत नाही. आठ वर्षांच्या लेकीला पेंग्विनही हवेत आणि दादा जे करेल ते सगळंही हवं. शिवाय या काळात सासू-सासरे भारतातून राहायला आले होते. म्हणजे एकाच पासाची चारही वयांत परीक्षा झाली म्हणायची.

भारतातून येणारं प्रत्येक जण आम्हाला विचारतं, "मोठे व्हेल मासे उड्या मारतात तीच जागा ना?" ती जागा आहेच, पण आता ती ओळख पुरी पडत नाही. आजच्या सीवर्ल्डमध्ये तुम्ही फाटकातून आत शिरण्याआधीच कोस्टरवरच्या किंकाळ्या कानावर येतात. हा बदल चांगला की वाईट, यावर इथल्या लोकांत कायम वाद असतो. माझं मत सरळ आहे. बदल व्हायलाच हवा होता. मात्र जिथे राइड आणि प्राणी एकमेकांशी जोडलेले आहेत तिथेच हा पार्क बाकीच्यांहून वेगळा ठरतो. जिथे समुद्र फक्त रंगात आणि नावात उरलाय, तिथे तो चारचौघांसारखा होतो.

थोडं मागे जायला हवं, कारण एक गैरसमज सर्रास ऐकू येतो. ऑर्लँडोचं सीवर्ल्ड उघडलं १९७३ साली, सॅन डिएगोच्या पहिल्या पार्कनंतर नऊ वर्षांनी. तेव्हा सगळी ओढ ऑर्काची, म्हणजे किलर व्हेलची. मूळ 'शामू' १९७१ मध्येच मेली होती, पण तिचं नाव पुढे कितीतरी ऑर्कांना रंगमंचावर वापरलं गेलं. लोक म्हणतात, बंदिवासातल्या ऑर्कांवरच्या २०१३ च्या 'ब्लॅकफिश' माहितीपटानंतर पार्क घाबरला आणि कोस्टर बांधत सुटला. तारखा बघितल्या की हे अर्धंच खरं आहे हे कळतं. 'जर्नी टू अटलांटिस' ही पाण्यातली राइड १९९८ ची, 'क्रॅकन' २००० चा, 'मँटा' २००९ चा. १९९९ मध्ये युनिव्हर्सलने शेजारीच दुसरा पार्क उघडला होता आणि या शहरात नुसत्या शोवर गर्दी टिकणं तेव्हाच अवघड झालं होतं. शो माणूस एकदा-दोनदा बघतो. कोस्टरच्या रांगेत माझा मुलगा उतरल्या उतरल्या परत जाऊन उभा राहतो.

माहितीपटानंतर बदलला तो वेग. २०१० साली याच पार्कमध्ये टिलिकम या ऑर्काने आपल्या प्रशिक्षिकेचा जीव घेतला होता. तेव्हापासून शोमध्ये प्रशिक्षक ऑर्कासोबत पाण्यात उतरत नाहीत. मार्च २०१६ मध्ये कंपनीने ऑर्कांचं प्रजनन थांबवल्याचं जाहीर केलं. १९८३ मध्ये आइसलँडजवळ पकडलेला टिलिकम जानेवारी २०१७ मध्ये मेला. आणि त्याच २०१६ मध्ये 'माको' उभा राहिला. मग २०१८ ला 'इन्फिनिटी फॉल्स', २०२२ ला 'आइस ब्रेकर', २०२३ ला 'पाइपलाइन', २०२४ ला 'पेंग्विन ट्रेक', २०२५ ला 'एक्स्पिडिशन ओडिसी'. अलीकडे तर दर वर्षी काहीतरी नवीन. पासवाल्यांना याचा फायदा उघड आहे.

आता राइड्स. माको (हे नाव एका वेगवान शार्कचं) हा माझ्या मते ऑर्लँडोतला सगळ्यात निखळ आनंद देणारा कोस्टर आहे. दोनशे फूट उंच, ताशी ७३ मैल, म्हणजे जवळपास ११७ किलोमीटर. यात एकही उलटा फेरा नाही. एकामागून एक उंचवटे येतात आणि प्रत्येक उंचवट्यावर बूड सीटवरून उचललं जातं. छातीवर काही नसतं, फक्त मांडीवर एक दांडा. पहिल्यांदा बसताना "एवढंच?" असं वाटून पोटात गोळा येतो, आणि तीच त्याची गंमत आहे. शेवटच्या ओळीत बसा. पहिल्या उतारावर मागचे डबे अक्षरशः ओढले जातात. खाली उतरलात की शार्कचं दालन आहे, तिथल्या काचेच्या बोगद्यातून जाताना शार्क डोक्यावरून पोहत जातात. मुलांना आधी कोस्टर, मग तो बोगदा असा क्रम फार आवडतो. वेग अंगात भिनलेला असतानाच तो वेग ज्याच्या नावावर आहे तो प्राणी आठवून ती पोरं प्रश्न विचारायला लागतात.

मँटा, म्हणजे पंखांसारखे पर असलेल्या मोठ्या चपट्या माशाच्या नावाचा कोस्टर, त्याहून सरस जमलाय. इथे तुम्हाला पोटावर झोपवून, तोंड जमिनीकडे करून उडवतात. १४० फूट उंची, चार उलटे फेरे, आणि एका ठिकाणी पंखाचं टोक पाण्याला टेकल्यासारखं पाणी उडतं. पण मला कौतुक आहे ते रांगेचं. रांगेच्या भिंती म्हणजे मत्स्यालयाच्या काचा आहेत. स्टिंग रे हे तसेच चपटे मासे काचेला पोट चिकटवून वर सरकतात, त्यांचं तोंड आणि कल्ल्यांच्या फटी अगदी हातभरावर दिसतात. लेकीची उंची मँटाला पुरत नाही, सासूबाईंना कोस्टर नको. पण हे मत्स्यालय राइडला न बसताही स्वतंत्रपणे बघता येतं. त्यामुळे आम्ही दोघं आणि मुलगा वर उडत असताना त्या दोघी आजी-नात खाली निवांत काचेपाशी बसलेल्या असायच्या. कुणी ताटकळत बाकावर बसलंय असं कधी झालं नाही. सगळ्या पार्कने याच पद्धतीने वाढायला हवं होतं.

क्रॅकन जुना आहे, सात उलटे फेरे, पाय अधांतरी. मजबूत आहे, पण मानेला जाणवतो. २०१७ मध्ये त्यावर डोळ्यांसमोर आभासी दृश्य दाखवणारे (व्हीआर) चष्मे आणले होते आणि थोड्याच काळात काढूनही टाकले. बरं झालं. खऱ्या आकाशाखाली, खऱ्या वाऱ्यात पडद्यावरचा समुद्र कशाला हवा?

पाइपलाइनमध्ये उभं राहून जायचं असतं आणि सीट तुमच्यासोबत वरखाली सरकते, म्हणून उंचवट्यावर खरोखर उडी मारल्यासारखं वाटतं. जगातला असा पहिला कोस्टर. मुलाचा लाडका. माझ्या मात्र पोटऱ्या भरून येतात, त्यामुळे मी एकदाच बसते. याचा प्राण्यांशी काहीही संबंध नाही, लाटांवर स्वार होण्याची कल्पना आहे इतकंच. आइस ब्रेकरचंही तेच. चार वेळा पुढे-मागे जोरात ढकलतात, शंभर अंशांच्या कोनात उभ्या रुळावर चढवतात, मजा येते. पण उतरल्यावर बर्फाळ समुद्राबद्दल डोक्यात काही उरत नाही. अशी राइड दुसऱ्या कुठल्याही पार्कात उचलून ठेवली तरी चालली असती.

लहान मुलं असलेल्यांनी उंचीचं गणित तिकीट काढण्याआधीच करावं. माको, मँटा, क्रॅकन आणि पाइपलाइनला ५४ इंच लागतात, म्हणजे साधारण १३७ सेंटिमीटर. आइस ब्रेकरला ४८ इंच. पेंग्विन ट्रेक, अटलांटिस आणि इन्फिनिटी फॉल्सला ४२. २०२२ च्या आधी आमच्या लेकीएवढ्या मुलीला इथे मोठ्यांच्या कोस्टरपैकी जवळजवळ काहीच नव्हतं. एकीकडे अगदी बाळांच्या गाड्या, दुसरीकडे थेट राक्षस. मधली पायरी गायब होती. राइड्समध्ये विविधता आली असं लोक म्हणतात तेव्हा मला उंची आणि वेगाचे आकडे आठवत नाहीत, ही भरलेली मधली पायरी आठवते. घरातली दोन्ही मुलं एकाच डब्यात शेजारी बसू शकतात, यासाठी मी पासाचे पैसे आनंदाने भरते.

ती पायरी सगळ्यात छान भरली ती पेंग्विन ट्रेकने. स्नोमोबाइलसारख्या सीटवर बसायचं, दोनदा वेग मिळतो, कमाल ४३ मैल. आठ वर्षांच्या मुलीला धाडस केल्यासारखं वाटावं आणि आईच्या छातीत धडकी भरू नये, असा अगदी नेमका वेग. आणि राइडनंतर तुम्ही थेट पेंग्विनच्या घरात येता. बाहेर फ्लोरिडाचा ऑगस्ट, कपडे अंगाला चिकटलेले, आणि आत तापमान शून्याच्या आसपास. चष्म्यावर धुकं धरतं. अडीचशेच्या वर पेंग्विन. त्यांचा वास येतो, माशांचा आणि विष्ठेचा, आणि मला तो आवडतो, कारण तो खरा आहे. जेंटू जातीचे पेंग्विन पाण्यातून गोळीसारखे सुटून खडकावर उभेच्या उभे येऊन ठेपतात. खालच्या काचेपाशी गेलं तर त्यांच्या पिसांतून हवेच्या बुडबुड्यांची रेघ निघताना दिसते. सासरे तिथे शाल पांघरून तासन्‌तास उभे असत. भारतातून येणाऱ्या ज्येष्ठांसाठी पातळ स्वेटर बरोबर ठेवाच.

एक्स्पिडिशन ओडिसी जुन्या 'वाइल्ड आर्क्टिक'च्या जागी आलंय. पाय लोंबकळत ठेवून मोठ्या पडद्यासमोर उडवणारी राइड, पडद्यावर आर्क्टिकचं खरं चित्रीकरण. बाहेर आलं की बेलुगा आणि वॉलरस. सासूबाई आनंदाने बसल्या अशी ही एकमेव मोठी राइड.

आता ऑर्का. ते अजून आहेत, आणि त्यांचा कार्यक्रमही आहे. आधीच्या दणदणाटी शोच्या जागी आता 'ऑर्का एन्काउंटर' असतो. त्यात माहितीवर भर आहे, मोकळ्या समुद्रातले ऑर्का शिकार कशी करतात ते मोठ्या पडद्यावर दाखवतात आणि मग समोरचे ऑर्का तशा हालचाली करून दाखवतात. मी तो पाहिला. मुलांनाही मुद्दाम दाखवला, कारण ही शेवटची पिढी आहे हे त्यांनी समजून बघावं असं मला वाटत होतं. एवढा मोठा जीव काचेपाशी येऊन डोळा रोखतो तेव्हा भारावून जायला होतं, आणि त्याच क्षणी ती टाकी किती लहान आहे हेही कळतं. लेकीने विचारलं, "आई, हे इथेच म्हातारे होणार?" मी हो म्हटलं. त्यानंतर आम्ही त्या स्टेडियमकडे क्वचित जातो. पण मला समाधान याचं आहे की पार्कचा गल्ला भरण्याचं काम आता या मोजक्या जिवांवर नाही. ते पोलादाच्या रुळांनी अंगावर घेतलंय. रूळ थकत नाहीत, त्यांना कळप नसतो, त्यांची पिल्लं दुसऱ्या शहरात पाठवावी लागत नाहीत. अबूधाबीत २०२३ साली उघडलेल्या सीवर्ल्डमध्ये तर ऑर्का ठेवलेच नाहीत. आखातात राहणाऱ्या मराठी मंडळींनी तिथे जरूर जाऊन बघावं. ऑर्काविना असा पार्क उभा राहू शकतो याचा तो ढळढळीत पुरावा आहे.

माझं माहेर कुडाळचं. आमच्याकडे मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणीला 'सी वर्ल्ड' उभारायची चर्चा अनेक वर्षं चालली आणि जमिनीवरून गावकऱ्यांनी विरोध केला. मधल्या काळात, २०१३ मध्ये, भारत सरकारने डॉल्फिनच्या खेळांचे तलाव उभारायला मनाई केली. त्या निर्णयाचं मोल मला इथे ऑर्कांच्या काचेसमोर उभं राहून नीट कळलं. आमच्या किनाऱ्यावर डॉल्फिन होडीतून दिसतात, तेवढे पुरेत.

प्राण्यांच्या बाजूने इथे सगळ्यात मोलाचं मला काय वाटतं विचाराल तर मॅनटी, म्हणजे समुद्रगाई. हे प्राणी इथे खेळ करत नाहीत. जखमी, उपाशी अवस्थेत सापडलेले आणले जातात आणि बरे झाले की परत सोडतात. २०२१ मध्ये फ्लोरिडात अकराशेच्या वर मॅनटी मेले. इंडियन रिव्हर लगून या किनाऱ्यालगतच्या खाडीतलं समुद्री गवत प्रदूषणाने मोठ्या प्रमाणात नाहीसं झालं आणि त्यांची अक्षरशः उपासमार झाली. काचेपाशी उभं राहिलात तर त्यांच्या पाठीवर समांतर पांढरे वण दिसतील. होडीच्या पंख्याचे. वल्ह्यांसारख्या दोन पुढच्या परांनी सॅलडची पानं तोंडात सारत ते संथपणे चावत असतात आणि मिशांचे राठ केस प्रत्येक घासाला हलतात. इथे फारशी रांग नसते, आणि ते मला खटकतं. पुढची राइड बांधाल तेव्हा ती यांच्या शेजारी बांधा, मँटासारखी, म्हणजे रांगेतला प्रत्येक जण हे वण बघत पुढे सरकेल.

जाणाऱ्यांसाठी थोडं. जून ते सप्टेंबर दुपारी विजा चमकतात आणि तेव्हा मोकळ्यावरचे सगळे कोस्टर थांबवतात. म्हणून सकाळी उघडल्या उघडल्या आधी माको, मग मँटा आणि पाइपलाइन उरका. प्राणी आणि छताखालचं सगळं दुपारवर ठेवा. मोठ्या कोस्टरवर बॅग चालत नाही, लॉकरला वेगळे पैसे पडतात. कमरेची छोटी पिशवीही आणू नका, नाहीतर एकाने सामान घेऊन खाली थांबा आणि आलटून पालटून बसा. इन्फिनिटी फॉल्सला चाळीस फुटांवरून तराफा खाली येतो आणि चिंब भिजायला होतं, त्यामुळे तो पेंग्विनच्या आधी अजिबात करू नका. डिसेंबरात भारतातून पाहुणे येणार असतील आणि मुलं ४२ इंचांखाली असतील, तर 'सेसमी स्ट्रीट' या लहान मुलांच्या टीव्ही मालिकेवरचा भाग, पेंग्विन, मॅनटी आणि शार्कचा बोगदा यात दिवस छान जातो, एक दिवसाचं तिकीट पुरेल. मुलं ४८ इंचांच्या वर गेली आणि तुम्ही गाडीने तासाभराच्या आत राहत असाल, तर पासच घ्या. आम्ही आमचा पुढच्या वर्षासाठी चालू ठेवलाय. लेकीला ५४ इंच गाठायला अजून थोडा अवकाश आहे आणि माकोची शेवटची ओळ तिने आताच स्वतःसाठी राखून ठेवली आहे.