८ महिने, ९ ट्रिपा आणि ७०० रुपयांची वायर : जुन्या पॉपअप ट्रेलरचा अनुभव

गेल्या महिन्यात भोरजवळ भाटघर धरणाच्या बॅकवॉटरला, रात्री साडेआठची वेळ, बाहेर पाऊस, कुकरची दुसरी शिट्टी झालेली आणि ट्रेलरच्या छताचा मागचा उजवा कोपरा धाडकन खाली आला. (पॉपअप म्हणजे गाडीमागे ओढायचा ट्रेलर, मुक्कामाला चार खांबांवर छत वर उचलायचं, भोवती कॅनव्हास.) कोणाला लागलं नाही, कॅनव्हासने आणि बाकीच्या तीन खांबांनी छत धरलं, पण लेक त्याच कोपऱ्यात मोबाईल चार्जिंगला लावून बसली होती आणि छत तिच्या डोक्यापासून वीतभर वर थांबलं. ती रात्र चौघांनी बोलेरोत बसून काढली. आईने एक शब्द बोलून दाखवला नाही, त्याचंच जास्त टेन्शन आलं.

ट्रेलर गेल्या गणपतीच्या आधी घेतला, ७० हजाराला. कोणीतरी हौसेने बनवून घेतलेला, मग कित्येक वर्षं शेडमधे पडून. २०२१ ला राज्य सरकारने कॅराव्हॅन (राहायची सोय असलेल्या गाड्या) धोरण काढलं तेव्हापासून माझ्या डोक्यात हा किडा होता आणि ट्रेलरची स्वतःची आरसी होती म्हणून हिंमत केली. तळाचा प्लाय कुजलेला, तो टिंबर मार्केटमधून ७१० मार्का (पाण्यात टिकणारा मरीन प्लाय) आणून बदलला. बेअरिंग नाना पेठेतून, ग्रीस हाताने भरलं. दिवाळीनंतर पहिली ट्रिप. एकूण खर्च दीड लाखाच्या आसपास, घरी सांगितलेला आकडा वेगळा आहे.

सगळे बॅटरीचंच विचारतात म्हणून ते आधी उरकतो. १०० एएचची (अँपिअर-तास), १२.८ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, म्हणजे १२८० वॅट-तास, त्यावर कॉम्प्रेसरवाला १२ व्होल्टचा फ्रीज, दिवे, पंखा असं दोन रात्री आरामात चालतं. आधी घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी टाकून बघितली होती, तिला उचलायलाच दोन माणसं लागायची, ही मी एका हाताने ठेवतो. तक्रार शून्य.

आता वायर.

या ट्रेलरचं सगळं छत एका विंचवर, म्हणजे हँडलने वायर गुंडाळणाऱ्या ड्रमवर. हँडल फिरवलं की मेन वायर ओढली जाते, तिच्यापासून चार वायरी चार कोपऱ्यांना जातात, पुलीवरून वळून खांबाच्या पाईपात शिरतात आणि आतला पाईप वर ओढतात. जुन्या वायरी गंजल्या होत्या. मी बोहरी आळीत गेलो, दुकानदाराने दोन वायरी काउंटरवर ठेवल्या, दोन्ही ४ एमएम. एक जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची), ७ बाय ७. दुसरी स्टेनलेस, ७ बाय १९, मीटरला ५० रुपयांनी महाग. मला लागणार १४ मीटर. तो म्हणाला, "साहेब पुलीवर चालणार असेल तर ही घ्या, मऊ आहे." मला वाटलं महाग माल खपवतोय. जाडी तीच, मग मऊ घेऊन काय करायचंय? ७०० रुपये वाचवले आणि त्या आनंदात समोरच भेळ खाल्ली.

छत कोसळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक लक्षात आलं, की छत पूर्ण बंद झाल्याशिवाय ट्रेलर हलवता येत नाही. तीन खांब वर, एक खाली, छत तिरकं, त्यामुळे ते तिन्ही आपापल्या पाईपात आवळून बसले, विंच उलटा फिरवला तर वायर नुसती सैल होते, छत जागचं हलत नाही. ज्यांच्या बांधावर थांबलो होतो ते मामा घोंगडी घेऊन आले, दोन मिनिटं बघत उभे राहिले आणि म्हणाले, "पाव्हणं, ही म्हस उठवायची का बसवायची?" मग ते आणि त्यांची दोन पोरं चार वासे घेऊन आली. आधी पडलेला कोपरा खांद्याने उचलून वाशावर टेकवला, छत लेव्हलला आणलं आणि मग चौघांनी चार कोपरे धरून मामांच्या "हं... हं... सोडा, बेतानं सोडा" वर इंच इंच खाली. पाऊण तास. मामींनी कांदापोहे आणि चहा दिला, पैशाचं नाव काढलं तर मामा रागावले.

पुण्यात आल्या आल्या मी फॅब्रिकेटरला फोन लावला. भोसरीतला माणूस, खांब आणि विंच त्याने बसवलेले, बिलात फिटिंगचे साडेचार हजार. मी आवाज चढवला, माझ्या लेकीच्या डोक्यावर पडलं असतं वगैरे. तो शांतपणे म्हणाला, "वायर तुम्हीच आणून दिली होती ना?" मी फोन ठेवला आणि रागाच्या भरात इथपर्यंतचं लिहून काढलं, खाली त्याची चांगली उतरवणार होतो.

पण मधल्या रविवारी सगळं खोललं, त्यामुळे पुढचं जरा वेगळं लिहावं लागतंय. तुटलेली वायर हातात घेतली, तर ती एकदम तुटलेलीच नाही. पुलीवर जिथे वळते तिथे बोटभर लांबीत एकेक तार सुटून बाहेर आलेली, माशाच्या गळासारखी, माझ्या अंगठ्यात दोन रुतल्या. ७ बाय ७ म्हणजे सात पेड आणि प्रत्येकात सात तारा, एकूण ४९. ७ बाय १९ मधे १३३. जाडी तीच म्हणजे ४९ वालीतली प्रत्येक तार जाड, आणि जाड तार लहान पुलीवर दर वेळी वाकवली की मोडते. माझी पुली जेमतेम दीड इंची. छत वर-खाली, वर-खाली, ९ ट्रिपा. दुकानदार हेच सांगत होता आणि मी भेळ खात होतो.

बाकीचे तीन कोपरे बघितले, दोनमधे तेच सुरू झालेलं. आणि खांब उपसले तर आतल्या पाईपांवर पावडर कोटिंग, जागोजागी खरवडून त्याच्या गोळ्या झालेल्या. एकात एक सरकणाऱ्या पाईपांची फट मुळातच किती, त्यात कोटिंगचा थर, म्हणजे दर वेळी वायर छताच्या वजनाशिवाय ही ओढाताणही सोसत होती. कोटिंग त्याने केलं, बरोबर आहे, पण "सगळंच करून टाका, नवीन दिसेल" हे मीच म्हणालो होतो, व्हॉट्सॲपवर आहे. त्याने नको सांगायला हवं होतं हे मात्र मी अजूनही म्हणतो.

आता पाचही वायरी ७ बाय १९, खांब पॉलिश पेपरने घासून उघडे केले, वर फक्त सिलिकॉन स्प्रे (ग्रीस लावू नका, धूळ धरतं). विंच ब्रेकवालाच ठेवा आणि त्याच्या ब्रेकच्या चकत्यांना चुकूनही तेल लावू नका. छत वर नेताना कट-कट आवाज आला पाहिजे, खाली आणताना नाही, खाली येताना वाजत असेल तर वायर ड्रमवर उलटी गुंडाळलीय आणि ब्रेक लागतच नाहीये. आणि सगळ्यात स्वस्त काम, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं : पीव्हीसी पाईपचे चार तुकडे, छत पूर्ण वर असताना मापून कापायचे, उभी चीर द्यायची आणि आतल्या खांबांवर चढवायचे. मग वायर तुटली तरी छत पाईपवर बसतं. चारही मिळून पाचशेच्या आत झाले.

कॅनव्हासचं थोडक्यात. सुती आहे, नवीन असताना दोनदा पाणी मारून वाळवला, सुयांची भोकं फुगून बुजतात, गळत नाही. ओला दुमडलेला दोन दिवस राहिला की बुरशी, त्यामुळे पावसात परत आलो की सोसायटीच्या पार्किंगमधे ट्रेलर उघडून ठेवतो. सेक्रेटरींनी विचारलं मंडप कोणाकडे आहे. आता नोटीस लागलीय, नाव न घेता.

मामांचा एक वासा गडबडीत ट्रेलरमधेच राहिलाय. परत द्यायला पुढच्या शनिवारी भोरला जायचं ठरलंय. बायको म्हणते वासा बोलेरोच्या टपावर मावतो.